कुणीच हाक मारत नाही

१

गंधवानीच्या पुढे डोंगरातल्या एका फलियात, म्हणजे आदिवासी वस्तीत, थावरी नावाची बाई बाळंतपणात गेली, आणि तिच्या मरणाबद्दल रुग्णवाहिकांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या देवासच्या एका कंपनीने चक्क यंत्राकडे बोट दाखवलं. यंत्राला कोठडीत टाकता येत नाही, म्हणून मग ते यंत्र चालवणारी पोरगी धरली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

झालं ते असं. थावरीचा नवरा केरम पहाटे टेकडीवर चढला, कारण त्या भागात फोनचा आवाज जेमतेम तिथेच पोचतो. त्याने रुग्णवाहिकेच्या नंबरावर फोन लावला. पलीकडच्या बाईने फलियाचं नाव विचारून टाइप केलं. तिच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं, 'गाडी निघाली आहे'. तिने ते केरमला सांगितलं. केरम खाली आला, बायकोला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं. शेजाऱ्याची जीप दारात उभी होती, ती त्याने परत पाठवली. गाडी निघालीच आहे म्हटल्यावर जीप कशाला?

गाडी निघालीच नव्हती. एकाही चालकाला निरोप गेला नव्हता. थावरीने रस्त्याच्या कडेलाच जीव सोडला, आणि तिचं बाळही गेलं.

मी देवश्री. धारला राहते आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधून देते. मी रागीट आहे असं लोक म्हणतात. आहेच. ज्या संस्थेच्या या गाड्या आहेत, तिने मला देवासला धाडलं. संध्याकाळी कंपनी पोलीस ठाण्यात तक्रार देणार होती आणि तीत एकच नाव होतं, यंत्र चालवणाऱ्या त्या पोरीचं, स्वानंदीचं. त्याआधी खरं काय ते मला शोधायचं होतं.

२

कंपनी माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. खाली ऑफिस, वर मालकांचं घर. दिवाणखान्यात एका चौरंगावर जुना, पिवळा पडलेला कीबोर्ड ठेवला होता. त्यावर झेंडूची वाळलेली माळ आणि आपट्याची पानं. दसरा उलटून बरेच दिवस झाले होते, तरी ती कुणी उचलली नव्हती.

"तात्यांचा कीबोर्ड," मालक म्हणाले. त्यांना सगळे भैयासाहेब म्हणतात. "आमचे पूर्वज देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या दरबारात होते. शस्त्रपूजेला तलवार असायची. आता आमची तलवार हीच. तात्यांनी या कीबोर्डवर पहिलं कोड लिहिलं. धारपासून कन्नौदपर्यंत गाड्या त्याच्यावर धावल्या."

तात्या म्हणजे त्यांचे वडील. वरच्या मजल्यावर असतात, आता कामात नसतात.

"त्या दिवशी काय झालं ते सांगा," मी म्हटलं.

"काय सांगणार? मला कोडमधलं ओ की ठो कळत नाही. मी विक्री बघतो. या स्वानंदीने एआय एजंटला कोडच्या सफाईचं काम दिलं. तुम्हाला माहीतच आहे, एजंटला साध्या भाषेत सांगायचं, तो स्वतः कोड वाचतो, लिहितो, खोडतो. त्याने फलियाच्या नावावरून जागा शोधणारा तुकडाच उडवून दिला. यंत्रावर कसलं बंधन नव्हतं, त्याला सगळं दिसत होतं. पोरीने डोळे झाकून 'हो' म्हटलं आणि आमच्या घराण्याचं नाव मातीत गेलं."

"एक बाई मातीत गेली," मी म्हटलं. "नावाचं नंतर बघू."

त्यांनी मला चहा विचारला, मी नको म्हटलं.

३

स्वानंदीला मागच्या खोलीत बसवलं होतं. तिचा लॅपटॉप काढून घेतला होता. जेमतेम पंचविशीची पोर, डोळे सुजलेले. ती इथलंच मराठी बोलत होती, अर्धं हिंदीत घोळलेलं.

"ताई, मी अशीच नाही उडवली ती गोष्ट," ती म्हणाली. "मी एजंटला पहिलेच बोलली होती, के काही पण काढायच्या आधी सिमँटिक टूलला विचार. त्याने विचारलं. मी पण स्वतः विचारलं. दोन्ही बार एकच उत्तर आलं. या फंक्शनला कुणीच हाक मारत नाही. मग ज्याला कोणी बोलवतच नाही, ते ठेवून काय करायचं?"

हे साधन काय असतं ते सांगते. साधा शोध म्हणजे दारावरच्या पाट्या वाचत फिरणारा पोस्टमन. त्याला फक्त अक्षरं दिसतात. हे साधन म्हणजे लग्न जुळवणारी आत्या. कुणाचं कुणाशी नातं, कोण कुणाच्या जिवावर उभं, हे तिला तोंडपाठ असतं. कोडमधला कुठलाही तुकडा दाखवा, त्याला कुठून कुठून हाक येते ते ती बिनचूक सांगते. एजंटच्या हातात हे साधन दिलं की तो अंदाजाने काही तोडत नाही. विचारून तोडतो. पोरीने केलं होतं ते बरोबरच होतं.

तेवढ्यात मयुरेश आत आला. तो इथला मुख्य प्रोग्रामर. लॅपटॉप माझ्यासमोर ठेवून त्याने तोच प्रश्न साधनाला विचारला.

"बघून घ्या ताई. दाखवून राहिलंय ना? हाक तात्यांच्या फोल्डरमधून येते. एकदम साफ. ही म्हणते उत्तर शून्य आलं. असं कसं येईल?"

मी बघितलं. पडद्यावर नातं लखलखीत दिसत होतं. स्वानंदीने तोंडावर हात ठेवला.

"खोटं नाही बोलत मी, ताई," ती पुटपुटली. "देवाशपथ शून्य आलं होतं."

४

मी मयुरेशला बाहेर घेऊन बसले. मुलगा हुशार आहे आणि तितकाच भित्रा. असली माणसं मला फार लवकर ओळखू येतात.

"ते तात्यांचं फोल्डर उघडून बघितलंस कधी?"

"अरे, ताई!" तो हसला. "त्याला आम्ही सोवळ्यातलं म्हणतो. कोणी शिवत नाही. भैयासाहेबांना आवडत नाही ना. जेव्हा फोनबरोबर जागेचा पत्ता आपोआप येत नाही, डोंगरात वगैरे, तेव्हाच ते कोड चालतं. बाकी गाड्या नव्या कोडवर."

"मग चूक दुरुस्त कशी केलीस?"

"उघडायची गरजच नाही पडली. स्वानंदीचा बदल उलटा फिरवला, तुकडा परत आला. आता सगळं ठीक. संस्थेला तसं कळवलं पण."

"तू वापरतोस का एजंट?"

"रोज. मस्त चालतो. दसऱ्यानंतर मीच त्याच्याकडून चालकाला निरोप पाठवणाऱ्या फंक्शनचं नाव बदलून घेतलं. जुनं नाव फार बेकार होतं. साधनाने जिथे जिथे हाक दाखवली तिथे तिथे एका झटक्यात नवं नाव. काहीच तुटलं नाही. एजंट चांगला आहे, भिया, चालवणारा पाहिजे."

भिया, म्हणजे भाऊ, म्हणाला मला. मग जीभ चावली.  पोरगी आत रडते आहे आणि हा तिच्यावर टोमणे मारतो आहे.

तिथून वर तात्यांकडे गेले. म्हातारे ताठ बसले होते, पांढरं धोतर, समोर चष्म्याचं घर. त्यांचं मराठी आजोबांच्या काळातलं.

"या, देवश्रीबाई. मुलीवर किटाळ आलं आहे म्हणतात. तिचा दोष असेल असं मजला वाटत नाही. ती दर नागपंचमीस येऊन माझ्या लेखनाविषयी प्रश्न विचारीत असे. बाकी कोणी विचारीत नाही."

"तात्या, गाडीचा निरोप गेलाच नाही तरी पडद्यावर 'गाडी निघाली आहे' कसं उमटलं?"

त्यांनी चष्मा काढून समोरच्या घरात ठेवला.

"ती ओळ माझी," ते म्हणाले. "त्या काळी मधेच काही अडलं की अख्खा पडदा बंद पडे, आणि मागचे फोन खोळंबत. म्हणून मी लिहिलं, मधे काहीही अडो, पडद्याने पुढे चालावं. नंतर सुधारायचं राहून गेलं."

"राहून गेलं!" माझा आवाज चढला. वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलू नये, पण बोलले. "तुमच्या पडद्याने त्या माणसाला थाप मारली, तात्या. गाडी नाही असं नुसतं म्हटलं असतं, तरी त्याने जीप सोडली नसती."

"खरं आहे," ते म्हणाले. सबब म्हणून एक शब्दही त्यांनी काढला नाही.

५

जिना उतरताना मी दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. साधन आज म्हणतं, हाक तात्यांच्या फोल्डरमधून येते. त्या दिवशी म्हणालं, कुणीच हाक मारत नाही. साधन मूर्ख नाही. आणि आत्याबाई खोटं बोलत नाहीत. पण ज्या घराचा उंबराच आत्याला ओलांडू दिला नाही, त्या घरातली नाती ती सांगणार कशी?

या साधनांना आणि एजंटांना 'इथे बघू नका' असं सांगणारी एक छोटी यादी असते. तीत एखाद्या फोल्डरचं नाव घातलं की त्यांच्यापुरतं ते फोल्डर जगात नाही. साध्या शोधालाही ते दिसत नाही. मी ती यादी उघडली. रिकामी होती. तिच्यात आधी काय होतं याची नोंद कुठे राहत नाही.

म्हणजे पोरीचं म्हणणं सिद्ध करायला माझ्याकडे पुरावा नव्हता. संध्याकाळ जवळ येत होती. भैयासाहेबांनी ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितल्याचं मी ऐकलं.

मग डोक्यात उजेड पडला. फोल्डरवरचं हे झाकण कुणी स्वानंदीसाठी खास टाकलं नसेल. ते आधीपासून असेल, तर त्याच दिवसांत मयुरेशनेही त्याच आंधळ्या साधनाने काम केलं असणार. आणि तसं असेल, तर मयुरेशचं नवं नाव सगळीकडे पोचलं असेल, फक्त एका ठिकाणी सोडून.

मी सगळ्यांना बोलावलं. स्वानंदीला, मयुरेशला, भैयासाहेबांना. तात्या कठड्याला धरून स्वतःच खाली आले.

"उघड," मी मयुरेशला म्हटलं. "तात्यांचं फोल्डर."

"पण ताई, ते..."

"उघड म्हणते ना!"

त्याने उघडलं. मी सांगितलेल्या जागी गेला. तिथे चालकाला निरोप पाठवायची ओळ होती, आणि तीत जुनंच नाव होतं. ते नाव आता अख्ख्या कोडमध्ये दुसरीकडे कुठेच अस्तित्वात नव्हतं. मयुरेशच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्हणजे माझ्या वेळेला पण..." तो म्हणाला.

"तुझ्या वेळेलाही साधन आंधळं होतं. स्वानंदीने काही केलं नसतं ना, तरी थावरीला गाडी मिळाली नसती. तुझ्या एका बदलाने तेवढं काम आधीच करून ठेवलं होतं."

स्वानंदी उठून उभी राहिली. तिला माझ्याआधी पुढचं दिसलं.

"ताई, याने तर फक्त माझा तुकडा परत ठेवला. निरोप तर अजून तुटलेलाच आहे." तिने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "म्हणजे आत्ता, या मिनिटाला, डोंगरातून कोणाचा फोन आला तरी गाडी नाही जाणार. आणि पडदा म्हणेल, निघाली."

६

मी संस्थेला फोन करून सांगितलं की डोंगरातून येणारा प्रत्येक फोन आता माणसाने हाताळायचा, पडद्यावर विसंबायचं नाही. मग दार लावून घेतलं.

"आता दुसरा प्रश्न," मी म्हटलं. "यादीत तात्यांच्या फोल्डरचं नाव कुणी घातलं, आणि थावरी गेल्यावर गुपचूप काढलं कुणी?"

मग मीच एकेकाचं नाव घेतलं.

"स्वानंदीने? तिला यादीबद्दल माहीत असतं तर पहिल्याच दिवशी बोंब ठोकली असती. तिची सुटका त्यातच होती. मयुरेशने? हा भित्रा आहे, मूर्ख नाही. फोल्डर झाकलेलं होतं हे कळलं असतं, तर याच्या मनात पहिला विचार आला असता, त्या दिवसांत मी काय काय केलं? आणि याने आपली चूक रातोरात निस्तरली असती. ती अजून तशीच पडली आहे. तात्यांनी? त्यांना त्यांची ओळ न् ओळ पाठ आहे, तुटलेला निरोप त्यांनी तिथल्या तिथे ओळखला असता."

मी भैयासाहेबांकडे वळले.

"ज्याने यादीतलं नाव काढलं, त्याला ते तिथे आहे हे माहीत होतं. पण त्या नावाआड आणखी काय तुटलं आहे, हे त्याला बघता येत नव्हतं. या घरात कोड न समजणारा माणूस एकच आहे. आणि त्याच माणसाने मला सकाळी, मी विचारलेलं नसताना, सांगितलं की यंत्रावर कसलं बंधन नव्हतं. ज्याला ओ की ठो कळत नाही, त्याला यंत्रावर बंधन घालता येतं हे कुठून कळलं?"

भैयासाहेबांनी तात्यांकडे बघितलं. मग खाली.

"दसऱ्याला पूजा केली," ते म्हणाले. "कीबोर्डला हळदकुंकू वाहिलं. मनात आलं, हे यंत्र सगळ्यांच्या लिहिण्यावरून हात फिरवून राहिलंय. तात्यांचं तरी शिवायला नको. ती यादी कशी लिहायची ते पूर्वी एका पोराने दाखवलं होतं. एक ओळ तर होती. भक्तीने केलं हो, वाईट नाही केलं."

"आणि नंतर?"

"फलियाच्या नावावरून जागा शोधायचं काम तात्यांचंच, हे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलंय. तो तुकडा उडाला म्हटल्यावर मला कळलं, हे माझ्या ओळीमुळे. ओळ काढून टाकली. वाटलं, झाकली मूठ..."

"आणि ही?" मी स्वानंदीकडे हात केला. "हिला ठाण्यात देणार होतात! खरं माहीत असून! दसऱ्याची चूक भक्तीची असेल, मी मानते. पण ती ओळ पुसून या पोरीचं नाव तक्रारीत घातलंत, तेव्हा कुठल्या देवाची पूजा चालली होती?"

 

"ताई, आपण घरातलीच माणसं," भैयासाहेब हळूच म्हणाले. "तांत्रिक बिघाड असं लिहून द्या. तक्रार देत नाही. पोरीची नोकरी पण राहील. पगारपण बघू..."

"भैया," तात्या म्हणाले. मोठ्याने नाही. "मी ते लिहिलं गाडी जावी म्हणून. देव्हाऱ्यात ठेवायला लिहिलं नव्हतं. तक्रार आजच जाईल. ठाण्यात मी येतो. तुझं नाव मी सांगतो, आणि त्या पडद्याच्या ओळीसाठी माझंही."

भैयासाहेब खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.

मयुरेश लॅपटॉपकडे सरकला. "मी करतो दुरुस्त."

"तू बस," मी म्हटलं. "ती करेल."

स्वानंदीने एजंटला कामाला लावलं. त्याला सांगितलं, तात्यांच्या फोल्डरमधून ज्यांना हाक जाते पण जे आता अस्तित्वात नाहीत, ते सगळे शोध. साधनाने क्षणात दाखवलं. एजंटने बदल सुचवला, तिने ओळ न् ओळ वाचली, तात्यांना वाचून दाखवली, मगच होकार दिला. थाप मारणारी ओळ तात्यांनी तिला स्वतः खोडायला सांगितली. आता निरोप गेला नाही तर पडदा तसं स्पष्ट सांगेल.

पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांवर माझा आता काडीचा विश्वास नव्हता. खरी गाडी हललेली मला बघायची होती. संस्थेचा गोलू गंधवानीत होता. त्याला त्याच टेकडीवर चढवलं आणि तिथून फोन करायला लावला. इकडे निरोप गेला, तिकडे चालकाचा फोन वाजला, गाडी निघाली. आम्ही फोन कानाला लावून थांबलो. स्वानंदीने नखं कुरतडून बोटं लाल केली. मयुरेशने दोनदा घसा खाकरला.

बऱ्याच वेळाने गोलूचा फोन आला. "पोहोच गी, मॅडम! एकदम रस्त्यावर उभी आहे." स्वानंदी एकदम रडायला लागली, पण हसत होती. पाठीमागे कुणीतरी गोलूशी बोलत होतं.

"मॅडम, इथे केरमभाई आहे," गोलूचा आवाज उतरला. "टेकडीखाली त्याचंच शेत आहे. गाडी बघून आला. तो बोलायचं म्हणतो."

स्वानंदीने फोन स्पीकरवर टाकला होता. सगळ्या खोलीने ऐकलं.

"गाडी तो आ गई, बेन," केरम म्हणाला. रागाने नाही, खरंच विचारत होता. "अब इसमें किसको बिठाऊँ?"

स्वानंदी फोन तोंडाशी नेऊ लागली. ती उत्तर देणार होती, तिचाच काही दोष असल्यासारखी. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि भैयासाहेबांच्या हातात कोंबला.

"तुम्हाला विचारतोय तो," मी म्हटलं. "बोला."